मावशी, सकाळी आठची गोष्ट

मावशी,

तुम्ही गेलात त्याला आज पंचवीस दिवस झाले. या पंचवीस दिवसांत तुमच्याबद्दल लोक खूप चांगलं बोलले, आणि त्यातलं निम्मं माझ्याबद्दल होतं. ते ऐकताना मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, दुःखानं घातली.

म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर लिहू दिलं नसतं. "काय वं ज्योते, झालं ते झालं, भाजी लाग कापाले," असं म्हणून वही उचलून ठेवली असती. पण या एका गोष्टीत मी आता तुमचं ऐकणार नाही.

लग्न होऊन मी मेहकरला आले तेव्हा मला सासू नव्हती, तुम्ही होतात. नीलेश चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, आणि तिच्या या धाकट्या बहिणीनं, म्हणजे तुम्ही, त्याला आपल्या घरी आणलं. तुम्हाला मूल नव्हतं, यजमानही लवकर गेले होते. अंगणवाडीत त्याला मांडीवर घेऊन तुम्ही बाकीच्या पन्नास पोरांना गाणी शिकवलीत. तो इंजिनियर झाला, डब्लिनला नोकरीला लागला, मी त्याच्यामागे आले. मी कारंज्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली, बारावी सायन्स. माझ्या आईवडिलांना सही करता येत होती, एवढंच. आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं.

डब्लिनच्या सिटीवेस्ट भागात आमच्या घराजवळच्या कॉलेजात नर्सिंगच्या आधीचा एक वर्षाचा कोर्स होता. तो केला की मोठ्या वयातही नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीला अर्ज करता येतो. मी चौतीस वर्षांची होते, इरा तीन वर्षांची. मी कारंज्याला फोन केला तर माझा मोठा भाऊ म्हणाला, "परदेशात जाऊन लोकांचं हागणं-मुतणं काढायचं? त्यापेक्षा घरी बस."  तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "त्याचं कोणी काढलं होतं, विचार त्याले. आपोआप धुतला होता काय?" आणि दुसऱ्या वाक्यात, "व्हिसाचे कागद पाठव."

त्या वर्षापासून तुम्ही दर वर्षी तीन महिने येत राहिलात. व्हिसा तेवढाच मिळायचा. माझ्या परीक्षा आणि वॉर्डातल्या प्रशिक्षणाचे आठवडे बघून आपण ते तीन महिने ठरवायचो. इराला शाळेतून आणणं, तिला जेवू घालणं, माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवणं, हे सगळं तुम्ही केलंत. शेजारच्या बर्नीशी एक शब्द इंग्रजी न येता तुमची गट्टी जमली. ती कुंपणापलीकडून काहीही बोलली की तुमचं उत्तर एकच, इथले लोक 'छान' या अर्थी म्हणतात ते, "ग्रँड!" एकदा ती तिच्या मांजराला गाडीनं उडवल्याचं सांगत होती. तुम्ही हसून "ग्रँड" म्हणालात. मग मला समजावून सांगावं लागलं, आणि तुम्ही लगेच शिऱ्याची वाटी घेऊन तिच्या दारात उभ्या राहिलात.

औषधांच्या मात्रेची गणितं मला पहिल्या वर्षी येईनात. त्या पेपरात शंभरपैकी शंभरच लागतात, एक चूक म्हणजे नापास. मी दोनदा नापास झाले आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडले. तुम्ही शेजारी येऊन बसलात. "पन्नास पोराईले तीन किलो उपमा, तं सतरा पोराईले किती? आधी एका पोराचा काढ. सूत्र-बित्र काई नोको. आधी एकाचं." मी तिसऱ्या वेळेला पास झाले. आजही वॉर्डात इंजेक्शन भरताना मी मनात एका पोराचा उपमा काढते. हे इथं कुणाला सांगितलेलं नाही.

आता ते नाटकाचं.

नर्सिंगच्या प्रात्यक्षिक परीक्षेत खोटा पेशंट असतो. कुणीतरी माणूस आजारी असल्यासारखा पलंगावर पडतो, आणि परीक्षक हातात कागद घेऊन बघतो की तुम्ही काय विचारलं, काय तपासलं, कोणत्या क्रमानं. घरी सराव करायला मला पेशंट हवा होता. नीलेशला पेशंट केलं तर तो पाच मिनिटांत घोरायला लागायचा. तुम्ही मात्र पोलिओ डोसाच्या पथनाट्यात वीस वर्षं हट्टी सासू केलेली. एका गावात खरोखरच्या सुनेनं तुमच्यावर चप्पल उगारली होती, ती गोष्ट तुम्ही अभिमानानं सांगायच्यात. तुम्ही दम्याचा पेशंट झालात की इरा दार लावून घ्यायची. "आज्जी, यू आर नॉट इव्हन सिक!" ती ओरडायची. तुम्ही धापा टाकत मला डोळा मारायच्यात.

आपलं भांडण व्हायचं ते कागदावरून. माझी नजर कागदावर असायची. आठ मुद्दे, त्यांचा क्रम, प्रत्येकाला गुण.

"पोरी, कागद काय पाह्यतं? मले पाह्य."

"मावशी, मार्क कागदावर आहेत."

"बाया कधी सांगतात काय? मी विचारलं, बाई पोरगं जेवते काय, तं म्हणे हो, मस्त जेवते. मी पोराचे पाय पाह्यची. काड्या! कागदावर मस्त जेवते."

"इथली परीक्षा वेगळी असते."

"पेशंट तं माणूसच असते न?"

तुम्ही अडून बसायच्यात, मी चिडायचे. हे भांडण मिटलं नाही. मी कधी "तुमचं बरोबर होतं" असं म्हणाले नाही.

तिसऱ्या वर्षी पक्षाघाताच्या पेशंटची तपासणी होती. त्याला हसायला सांगायचं आणि तोंड एका बाजूला ओढलं जातंय का ते बघायचं. दोन्ही हात वर करायला सांगायचं, एक हात खाली येतो का ते बघायचं. एक वाक्य म्हणायला लावायचं. मग वेळ विचारायची, की पेशंट शेवटचा नीट कधी होता. ही वेळ सगळ्यात महत्त्वाची, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दहा दिवस तुम्ही रोज संध्याकाळी उजवा हात लुळा पाडलात, तोंड वाकडं केलंत आणि "इटीज अ लवली डे" हे वाक्य जड जिभेनं म्हटलंत.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठ वाजता आपण स्वयंपाकघरात होतो. नीलेश ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसला निघून गेला होता. इरा बूट शोधत होती. माझ्या एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातात कागद. तुम्ही टेबलाशी बसल्या होतात.

तुम्ही डावा हात चोळत म्हणालात, "ज्योते, हात कसा जड लागून राहिला."

मी म्हणाले, "मावशी, डावा नको. उजवा. दहा दिवस उजवा केलाय ना आपण, आता मला गोंधळवू नका."

तुम्ही काहीतरी बोललात. शब्द एकमेकांत अडकले होते. मी म्हणाले, "एवढं नका बिघडवू, परीक्षेतला पेशंट इतकं करत नाही."

आणि तुम्ही हसलात. तुमचं तोंड अर्धंच हसलं.

मी ते बघितलं, मावशी. नजर चुकली असं नाही. त्या दिवशी मी कागदावरून मान वर केली होती, तुमच्याकडे बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, काय झकास करतात! मी तुमच्या गालाला हात लावला, "येते, आशीर्वाद द्या" म्हणाले, इराला ओढत गाडीत बसवलं आणि गेले.

परीक्षा छान झाली. परीक्षकबाई शेवटी नुसती मान हलवतात, बोलत नाहीत, पण त्या हसल्या. नंतर आम्हाला एका खोलीत बसवून ठेवलं, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्यांना बाहेर जाऊन काही सांगू नये. फोन काढून घेतलेले. मी तिथं मैत्रिणींना सांगत होते, "आमच्या घरी एक आंटी आहेत, त्यांना ऑस्कर द्यायला पाहिजे." आम्ही सगळ्या हसत होतो.

दुपारी तुम्ही इराला आणायला शाळेत पोचला नाहीत. माझा फोन बंद होता, नीलेश मीटिंगमध्ये. शाळेनं बर्नीला कळवलं. बर्नीनं इराला घेतलं, तिच्याकडे ठेवलेली आमची किल्ली लावून दार उघडलं आणि तिला तुम्ही पॅसेजमध्ये जमिनीवर बसलेल्या दिसलात, एका पायात बूट, दुसरा हातात. बर्नी आयुष्यभर शाळेची बस चालवते. तिनं नर्सिंगचा एक धडा वाचलेला नाही. तिनं तुमच्या तोंडाकडे बघितलं आणि पहिला फोन अँब्युलन्सला केला.

मी इमर्जन्सीत पोचले तेव्हा कॉलेजचं ओळखपत्र गळ्यातच होतं. एक तरुण डॉक्टर म्हणाला, मला दुभाष्या हवाय, यांना विचारा हे कधी सुरू झालं.

मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी मी विचारलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. जीभ जड होती, पण शब्द कळत होते. "सांग त्यायले, जेवून झोपली होती मी. उठली तं असं. सकाळी काई नव्हतं." आणि उजव्या हातानं माझं मनगट धरून दाबलंत. "सकाळी काईच नव्हतं. सांग."

डॉक्टर पेन घेऊन थांबला होता. मावशी, तुम्ही मला वाचवत होतात. पण तुम्हाला त्या इंजेक्शनचं माहीत नव्हतं. तुमची वेळ मी तशीच सांगितली असती तर त्यांनी ते दिलं असतं.

मी इंग्रजीत सांगितलं. सकाळी आठ. त्या म्हणाल्या, हात जड झालाय. मला वाटलं त्या माझ्याबरोबर सराव करत आहेत.

"सराव?"

"मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे."

त्यानं माझ्या ओळखपत्राकडे बघितलं, मग कागदावर आठ वाजता असं लिहिलं. "सांगितल्याबद्दल थँक यू," तो म्हणाला. तो रागावला असता तर मला कुठंतरी धरायला जागा मिळाली असती.

तुम्ही विचारलंत, "सांगतलं न दुपारचं?"

मी म्हणाले, "हो."

म्हणजे मी तुमच्याशीही खोटं बोलले. तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की तुमची थाप चालली. संध्याकाळी नीलेश धावत आला तेव्हा तुम्ही त्याला तीच थाप ऐकवलीत, वर "मीच येडी, कोणाले सांगतलंच नाई" असं स्वतःला बोलही लावून घेतलात. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. चादर सारखी केली. 

इंजेक्शनची वेळ टळलेली होती. बाकीचे उपचार त्यांनी केले. लवकर आणलं असतं तर हात राहिला असता का, हे मी कुणाला विचारलं नाही. कुणी ठाम सांगू शकत नाही, पण शक्यता किती बदलते ते मला शिकवलेलं होतं, आणि त्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त गुण होते.

पुढचे दोन महिने मी तुमची सेवा केली, तिचं सगळे कौतुक करतात. मी तुम्हाला अंघोळ घालत होते, वेणी घालत होते, डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होते. तुम्ही म्हणायच्यात, "सरकारी नर्स घरात आहे बापा, काय थाट माह्या!" माझे हात काम करायचे आणि मी तुमच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायचे. ती सेवा नव्हती. तोंडानं फेडता येत नव्हतं ते मी हातानं फेडत होते, आणि फिटत नव्हतं.

मी कॉलेज सोडायचं ठरवलं. ईमेल लिहून ठेवला होता. तुम्हाला मेहकरला नेण्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्या बॅगेत स्वेटर भरत म्हणाले, "मावशी, मी थांबते आता. इराकडे बघायला कुणी नाही, मला जमणार नाही." तुम्ही डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर ठेवलात. पिशवी ठेवावी तसा.

"तू सोडलं तं हा फुकट गेला."

एवढंच म्हणालात. ओरडला नाहीत, रडला नाहीत. त्या सकाळबद्दल आपण दोघी बोललो ते हे एकच वाक्य. मी ईमेल पाठवला नाही.

चौथं वर्ष मी कसं काढलं ते मला नीट आठवत नाही. बर्नी इराला सांभाळायची. पदवीच्या दिवशी झगा घालून मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तुमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस शोभाताई, ज्यांनी शेवटी तुम्हाला सांभाळलं, त्यांनी फोन धरला होता. मागं गल्लीतल्या दहा-बारा बायका. तुम्ही त्यांना म्हणालात, "हेच पोरगी वं. हिनंच मले वाचोलं. नर्स होती म्हणून मी आज बसून हाव तुमच्यापुढं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या घराण्यातली पहिली पदवी माझ्या हातात होती, आणि मी फोनकडे बघून हसले. ते हसू मला अजून दिसतं.

तुम्ही ही गोष्ट गावभर केली होती, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. झोपेतच गेलात, दुसरा झटका. नीलेश मिळेल त्या विमानानं गेला, मी इराजवळ थांबले आणि सगळं फोनवर बघितलं. तेरवीला शोभाताईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "सूनबाई, आमी अंगणवाडीच्या बाया ताईवर लहानशी स्मरणिका काढून राहिलो. तुमी लिहा. तुमी त्यायले कसं वाचोलं ते लिहा. आमच्या पोरी वाचतीन."

मी लिहिलं, मावशी. तो लेख आधी मी खरंच लिहिला. त्यात मी दुपारी घरी येते, लक्षणं ओळखते, अँब्युलन्स बोलावते. बर्नी त्यात नाहीच. चांगला उतरला होता. मी वाचून बघितला आणि मला त्यातली बाई आवडली. मग मी वही मिटली.

नीलेश परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही किराणा आणायला गेलो होतो. दुकानाच्या बाहेर, गाडीत पिशव्या ठेवून, मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी सुरू केली नाही.

"तिनं सांगितलं होतं तुला? हात जड झालाय म्हणून?"

"हो."

"मग तू काय म्हणालीस?"

मला ते वाक्य त्याच्यासमोर उच्चारावं लागलं. डावा नको, उजवा.

 मग तो म्हणाला, "डॉक्टरला खरं सांगितलंस?"

"हो."

"त्याला पाच मिनिटांत सांगितलंस. मला दोन वर्षं नाही."

त्यानं गाडी सुरू केली. तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. इराचा डबा, कचऱ्याची गाडी, तेवढं. काल रात्री जेवताना मात्र म्हणाला, "शोभाताईंना काय पाठवणार आहेस?" मी म्हटलं, खरं. तो म्हणाला, "त्यांना आधी मी फोन करतो. असं एकदम कागदावर वाचायला नको त्यांना." आणि ताट उचलून गेला.

हा लेख मी शोभाताईंना पाठवते आहे. त्या छापतील की नाही, मला माहीत नाही. मेहकरच्या ज्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना पुढच्या वेळी मी कोणत्या तोंडानं भेटणार, तेही माहीत नाही. पण त्यांच्यापैकी कुणाच्या घरी कुणी "हात जड लागून राहिला" म्हणालं, तर तिनं तेव्हाच दवाखाना गाठावा, आणि घरात शिकलेलं माणूस आहे म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत बसू नये. हे त्यांना माझ्या त्या पहिल्या लेखातून कळलं नसतं.

तुम्हाला हे आवडणार नाही. तुम्ही हात गेला तरी जपलेली गोष्ट मी मोडते आहे, आणि तुम्ही नसताना मोडते आहे. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर एकदाही रागावला नाहीत, मावशी. त्या दिवशी इमर्जन्सीत नाही, बॅग भरताना नाही. यावर तरी रागवा.